बुडविलेले जहाज व पाण्याचा दाब
(सामान्य विज्ञान : पाठ-टिपण)

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. परंतु विहीर व नदी त्यांच्या नित्य परिचयाची असते. प्रस्तुत पाठ त्या परिचयावरच उभारावा.

प्रथम असे विचारावे : मांजरेच्या पात्रातील खडकावर शेवाळ धरते, ते सरकत्या वाळूवर का धरत नाही? स्थिर व कठीण आधार हवा, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. समुद्रतळाचेही तसेच आहे. वाळूत पोलादी जहाज बसले की त्यावर शेवाळ, शिंपले व प्रवाळ धरतात. आश्रयाला लहान मासे येतात व त्यांच्यामागून मोठे. मात्र तेल व विषारी द्रव्ये आधी काढून टाकावी लागतात. अमेरिकेने २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लॉरिडाजवळ याच हेतूने बुडविली. भारतीय नौदलाची ‘गुलदार’ ही सुमारे ८४ मीटर लांबीची नौका १९८५ मध्ये सेवेत आली व २०२४ मध्ये निवृत्त झाली. ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळ बुडविण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली व २०२५ मध्ये नौका त्याच्या स्वाधीन झाली.

अशा जहाजापर्यंत पाणबुडे कसे पोहोचतात? येथे प्रयोग करावा. पत्र्याच्या उंच डब्यास वर, मध्ये व खाली सारखी भोके पाडून डबा पाण्याने भरावा. सर्वांत खालची धार सर्वांत जोराची असते. कारण खोलीबरोबर दाब वाढतो. दहा मीटर खोलीवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. म्हणून पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्यातील हवा एका झडपेतून भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडात येते. अशी हवा घेतलेल्याने श्वास रोखून वर येऊ नये; दाब घटताच ती फुगते व फुप्फुसास इजा होते.

पाठाचा खरा उपयोग यापुढे आहे. पपईचा पोकळ देठ किंवा रबरी नळी तोंडात धरून विहिरीच्या तळाशी बसण्याचा खेळ मुलांस सुचतो. तो जीवघेणा आहे. नळीतील हवा पृष्ठभागावरील दाबाचीच राहते, पाणी छाती दाबते आणि मीटरभर खोलीवरही श्वास ओढणे दुष्कर होते. शिवाय सोडलेलीच हवा नळीतून परत येते. हे कारण शिक्षकांनी डब्याच्या प्रयोगाशी जोडून सांगावे. नुसत्या मनाईपेक्षा समजलेले कारण मुलांच्या अधिक ध्यानात राहते.