खाणीच्या ढिगाऱ्यावरील झुडपांची मोजणी

चंद्रपूर, वणी व उमरेड या भागांतील उघड्या खाणींतून कोळसा काढण्यापूर्वी वरची काळी माती व तिच्याखालील खडक बाजूस काढावा लागतो. काळी माती निराळी साठवून पुढे ढिगाऱ्यावर पसरली असेल, तर झुडपे लवकर मूळ धरतात. नुसता दगड-मुरूम वर राहिला असेल, तर ओल टिकत नाही व नत्रही नावापुरतेच असते. अशा जमिनीवर चराई केव्हा सुरू करावी, हा प्रश्न पुढे गावाला पडतो. श्रावणात ढिगारा हिरवा दिसला म्हणून गुरे सोडल्यास कोवळी रोपे खुडली व तुडवली जातात आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर नाल्यात उतरते. म्हणून ग्रामसेवकाने व शेतकऱ्यांनी आधी मोजणी करावी.

माथा, उतार व पायथा यांची मोजणी वेगवेगळी ठेवावी. पायथ्याशी वाहून आलेली माती व ओल असल्यामुळे तेथील दाट झुडपांवरून सगळ्या ढिगाऱ्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. प्रत्येक भागात ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद असे १० चौकोन आखावेत. चांगली दिसणारी जागा निवडू नये. ठराविक पावले मोजून जेथे थांबणे होईल तेथेच खुंट्या ठोकाव्यात व त्या कायम राहू द्याव्यात. दहा चौकोनांतील जिवंत झुडपांच्या बेरजेस ४० ने गुणले असता हेक्टरी संख्या निघते. ६० झुडपे भरली, तर हेक्टरी २,४०० झाली.

मोजणी ऑक्टोबरात एकदा व मे महिन्याच्या अखेरीस एकदा, अशी दोनदा करावी. खरी परीक्षा मे महिन्याची. त्या वेळी बोरीसारखी झुडपे निष्पर्ण असतात व वाळल्यासारखी दिसतात. नखाने साल किंचित खरवडावी, आत हिरवे दिसल्यास झुडूप जिवंत समजावे.

खड्डा करून लावलेली आणि बियांपासून आपोआप उगवलेली झुडपे एका रकान्यात लिहू नयेत. लावलेल्या रोपास पाणी व राखण मिळालेली असते. आपोआप उगवलेले रोप उन्हाळा काढते, तेव्हाच जमीन सुधारू लागल्याचे कळते.

जातही लिहावी. रुई व घाणेरी यांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे ती वाढत असून बोर खुरटत असेल, तर चोरटी चराई चालू आहे असा संशय घ्यावा. विलायती बाभळीच्या शेंगा गुरे खातात व बी शेणातून पडते. गुरे बसण्याच्या जागी तिची रोपे दाट दिसतात. तिची संख्या एकूण बेरजेत मिसळल्यास आकडा फुगतो, चारा मात्र वाढत नाही.

ढिगाऱ्यावर जाण्यापूर्वी खाणीच्या व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी. ताज्या ढिगाऱ्याच्या कडेला उभे राहू नये. धूर येत असेल तेथे आत कोळसा जळत असतो. तेथे पाऊल टाकू नये.