विवाहित विद्यार्थिनी आणि करवजावट

बंगळुरूच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या कन्येचा विवाह झाला, तरी तिचे शिक्षणशुल्क बेळगावचे वडीलच भरतात, असे समजू. वजावट त्यांना मिळते काय? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०सी मध्ये कोणत्याही दोन अपत्यांच्या पूर्णवेळ शिक्षणाचा उल्लेख होता. अपत्य अवलंबित वा अविवाहित असण्याची अट नव्हती. आरोग्यविम्याच्या कलम ८०डी मध्ये मात्र अवलंबित्वाची अट होती. खरी विसंगती पतीच्या बाबतीत दिसते. पत्नीचे शुल्क त्याने बचतीतून भरले, तर ८०सी लागू होत नसे. तिच्यासाठी बँकेचे कर्ज काढले, तर कलम ८०ई अन्वये संपूर्ण व्याज आठ वर्षांपर्यंत वजा होई! २०२५ च्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत या तिन्ही वजावटी नाहीत. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांपुरताच हा प्रश्न उरला आहे.