गुण आला, हे कशावरून?

प्रश्न : समुपदेशनाने नैराश्य कमी झाले, हे कसे ठरवतात? रुग्णाला बरे वाटले, एवढे पुरेसे नाही का?

उत्तर : नाही.

काही जण उपचारांशिवायही सावरतात. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. म्हणून तुलना हवी. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती झाली. नैराश्याच्या रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या ६ ते ८ बैठका मिळाल्या. ३ महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण सावरले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटातले ३९ टक्के. समुपदेशनाला श्रेय या फरकाचे, सगळ्या ६४ टक्क्यांचे नव्हे.

समुपदेशन घेणाऱ्या वाचकांनीही झोप, काम, नाती यांतला बदल सुरुवातीपासून नोंदवावा आणि फरक दिसत नसेल तर उपचारकाशी स्पष्ट बोलावे.