मोबाइलमधली उधारी कोर्टात कशी टिकेल?

बदनापूरच्या व्यापाऱ्याची वही आता अर्धी कागदावर आणि अर्धी मोबाइलमध्ये असते. तुरीचा भाव फोनवर ठरतो, मालाची पोच व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पण उद्या समोरचा "माल घेतलाच नाही" म्हणाला, तर कोर्टात काय दाखवायचे? हे आज समजून घेऊ.

याविषयीचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जिल्ह्यातील प्रकरणाचा आहे. २०१४ ची जालना विधानसभेची निवडणूक २९६ मतांनी जिंकली गेली. विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर आला, असा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडींचा. त्यासोबतचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. तरीही औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'खोतकर विरुद्ध गोरंट्याल' प्रकरणात तो निकाल कायम ठेवला, पण नियमही पक्का केला. मूळ यंत्राऐवजी नक्कल दाखल करायची, तर प्रमाणपत्र हवेच; तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातील प्रमाणपत्र तो देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून मागवावे. सर्व प्रयत्न करूनही न मिळाल्यास ती अट त्या पक्षकारापुरती शिथिल होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. 'अ' भाग पुरावा देणाऱ्याने व 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने खोटा आवाज आणि खोटे चित्र बनू लागल्याने याचे महत्त्व वाढले आहे. मात्र हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही एवढेच त्यातून कळते. मजकूर खरा आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

व्यापाऱ्यांनी एवढे करावे :

१) वादाचा संदेश खोडू नये. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये, मूळ फोन जपावा.

२) फोन बदलण्यापूर्वी संदेशांची प्रत काढून तारीख नोंदवावी.

३) संगणकावरील खाते रोजच्या रोज लिहावे. केवळ खात्यातील नोंदीवरून कोणावर देणे बसत नाही. बिल, वजनकाट्याची पावती व बँकेचा उतारा जोडीला ठेवावा.

४) दुकानातील कॅमेऱ्याचे जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. वाद होताच ते वेगळे काढावे.

५) विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते. वकिलांकडे वेळेत जावे.

जालन्याच्या त्या प्रकरणात पक्षकाराने प्रमाणपत्र लेखी व वारंवार मागितले होते, म्हणूनच त्याला सवलत मिळाली. आपणही बँकेकडे किंवा कंपनीकडे जे मागाल ते लेखी मागा आणि पोच घ्या.