काफिर म्हणण्याआधी

बाळापूर

प्रिय बेटा,


अमरावतीच्या होस्टेलवर मोबाईलवरची बयानं ऐकून तू खालाला काफिर म्हणालास. का, तर ती दर्ग्यावर फुलं चढवते. तिने तुला काही सुनावलं नाही, पण मला सांगताना तिचा गळा भरून आला. ज्या शब्दाची मोठमोठ्या आलिमांना धास्ती वाटायची, तो तुझ्या तोंडी इतक्या सहज यावा, याने मी बेचैन आहे.

कुफ्र ही आपल्या दीनात गंभीर गोष्ट आहे. कुरआनात तिच्याविषयी कडक इशारे आहेत आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण जित्या माणसावर तो शिक्का मारायचा कोणी? लढाईत समोरच्याने कलमा म्हटला, तरी उसामा बिन झैद यांनी त्याला मारलं. जिवाच्या भीतीने म्हणाला, असं त्यांचं म्हणणं. रसूलुल्लाह (स.) त्यांना विचारत राहिले, त्याचं काळीज चिरून पाहिलंस का? भावाला काफिर म्हटलं की तो आरोप दोघांपैकी एकावर पडतोच, अशीही हदीस आहे. मजारीवर काय करावं, काय नाही, यावर खालाशी खुशाल वाद घाल. तिचा अमल चुकला म्हण, ईमान गेलं म्हणू नकोस.

आता तुझ्या हिंदू मित्रांचा सवाल. काफिर कोणाला म्हणावं, यावर इमाम गझालींनी (वफात 1111) स्वतंत्र किताबच लिहिली. ज्यांच्यापर्यंत दावत पोचलीच नाही, किंवा रसूलांविषयी खोट्यानाट्या गोष्टीच पोचल्या, त्यांना ते माफ समजतात. नीट कळूनही जो हट्टाने नाकारतो, त्याची गोष्ट वेगळी. मग मला सांग, आपल्या शेजाऱ्यापर्यंत नीट काय पोचलंय? 2023 च्या मे महिन्यात अकोल्यात एका पोस्टवरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला. शेजाऱ्याला दिसतं ते हे.

आपल्या गावची जुनी खानकाह नक्षबंदी. त्याच सिलसिल्यातले शेख अहमद सरहिंदी आपल्या पत्रांत काफिरांविषयी फार कठोर लिहितात. अकबराच्या दरबाराची सल त्यांच्या मनात होती. आणि त्यांच्याच परंपरेतले दिल्लीचे मिर्झा मजहर जानेजानां (वफात 1781) वेदांना अल्लाहकडून आलेलं मानतात, पूर्वीच्या हिंदूंना पुराव्यावाचून काफिर ठरवू नका असं लिहितात. दोघेही मोठे आलिम. मी मजहर साहेबांच्या बाजूचा आहे, आणि तूही त्यांचं ते पत्र वाचावंस अशी माझी फार इच्छा आहे.

वागणुकीचं म्हणशील तर वादच नाही. हिजरतीत वाट दाखवणारा माणूस मुश्रिक होता, आणि जिवाच्या वाटेवर रसूलांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. अस्मा (रजि.) यांची आई मुश्रिक होती, तरी तिच्याशी नातं सांभाळ असंच त्यांना सांगितलं गेलं. दीनावरून जे तुमच्याशी लढले नाहीत, त्यांच्याशी भलाईने आणि इन्साफाने वागा, हे सूरह मुम्तहिनात आहे. गेल्या खरिपात मी दवाखान्यात पडून होतो, तेव्हा धुऱ्यापलीकडच्या काकांनी आपल्या पऱ्हाटीवर बोंडअळीची फवारणी केली. औषधाची चिठ्ठी दाखवली, तेवढेच पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. त्यांच्याविषयी तो शब्द मी माझ्या घरात ऐकून घेणार नाही.

मित्राकडे दिवाळीच्या फराळाला जा. पूजेत बसू नकोस, ते आपलं नाही. त्यालाही ते कळतं.

आणि आज मगरिबनंतर खालाला फोन कर. आधी माफी माग, मसला नंतर काढ.

तुझा मामू