गोड्या पाण्यातील व समुद्रातील माशांची चव

समुद्रकाठी वाढलेल्या माणसास तळ्यातील मासा बेचव किंवा चिखलट वाटतो. उलट भंडारा-गोंदियाकडील तलावांच्या काठी वाढलेल्या माणसास समुद्रातील मासा उग्र वाटतो. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु शेततळ्यात किंवा गावतळ्यात कटला, रोहू व मृगल यांची जोपासना करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती किती पैसा पडेल, हे पुष्कळ अंशी याच चवीवर अवलंबून असते. एकदा गिऱ्हाइकाच्या घासात मातीचा वास आला की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. म्हणून हा भेद कशामुळे पडतो व त्यांपैकी कोणता दोष शेतकऱ्यास दूर करता येतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

समुद्रातील मासा खारट का नसतो?

समुद्रातील मासा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, तेव्हा त्याचे मांसही खारट असले पाहिजे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पापलेट, सुरमई किंवा बांगडा यांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण मात्र त्याच्या साधारणपणे एक तृतीयांश इतकेच असते. भोवतालचे खारे पाणी माशाच्या शरीरातील पाणी सतत ओढून घेत असते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो व त्यातील जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो.

तळ्यातील माशाची अडचण नेमकी याच्या उलट असते. त्याच्या शरीरात बाहेरचे पाणी शिरत राहते. ते पाणी तो पातळ मूत्रावाटे टाकून देतो आणि कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यातील थोडे क्षार शोषून घेतो. अशा रीतीने दोन्ही प्रकारचे मासे आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण सांभाळून असतात. चवीतील भेद मिठामुळे पडत नाही. त्याचे मूळ दुसरीकडे आहे.

समुद्री चवीचे मूळ

खाऱ्या पाण्याचा ताण सोसण्यासाठी समुद्रातील प्राणी आपल्या मांसात काही विद्राव्य द्रव्ये साठवितात. त्यांत मुक्त अमिनो आम्ले असतात. ग्लायसिन हे त्यांपैकी एक असून त्याची चव गोडसर असते. ग्लुटामिक आम्लाची चव रुचकर व भरीव लागते. कोळंबी व शिंपले यांत अशा द्रव्यांचा साठा विशेष असतो, आणि त्यांच्या गोडीचे कारण तेच आहे. गोड्या पाण्यातील माशास असा साठा करण्याची गरज तितकी पडत नाही. साहजिकच त्याच्या मांसाची चव सौम्य असते.

समुद्री माशात ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड नावाचे आणखी एक द्रव्य असते. मासा ताजा असतो तोवर या द्रव्याचा उपद्रव होत नाही. परंतु मासा मेल्यावर जंतू त्याचे रूपांतर ट्रायमिथिल अमाइनमध्ये करतात, आणि शिळ्या माशाचा परिचित उग्र दर्प सुटतो. मोरीच्या मांसात याखेरीज युरियाही पुष्कळ असतो. त्यापासून अमोनिया तयार होत असल्यामुळे मोरी ताजीच खावी लागते. रोहू-कटल्यात ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड अत्यल्प असते. म्हणजे ज्या माशास बेचव म्हटले जाते, तोच या दर्पापासून बहुतांशी मुक्त असतो.

समुद्रातील शेवाळ व कृमी यांच्यापासून ब्रोमोफेनॉल ही द्रव्ये माशांच्या शरीरात येतात. ती अगदी सूक्ष्म प्रमाणात असली तरी समुद्राचा म्हणून जो खास स्वाद ओळखला जातो, त्यात त्यांचा वाटा असतो. तळ्यातील माशात ती जवळजवळ नसतात.

माशाच्या रुचीचा आणखी एक घटक मात्र दोघांनाही समान आहे. मासा मेल्यानंतर त्याच्या स्नायूंतील शक्तिद्रव्याचे विघटन होऊन इनोसिनिक आम्ल तयार होते. जपानमध्ये शिंतारो कोडामा यांनी सन १९१३ मध्ये सुकविलेल्या माशाच्या रुचीचे हे कारण शोधून काढले. मासा उष्णतेत पडून राहिला की या आम्लाचेही पुढे विघटन होते आणि मांसास कडवटपणा येतो. तेव्हा मासा कोणत्याही पाण्यातला असो, तो लवकर थंड करणे हाच रुची टिकविण्याचा मार्ग होय.

मातीचा वास कोठून येतो?

गोड्या पाण्यातील माशाविरुद्धची मुख्य तक्रार मातीच्या वासाची असते. मासा चिखल खातो म्हणून हा वास येतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु खरे कारण निराळे आहे. पाण्यातील काही जातींची निळी-हिरवी शेवाळे आणि गाळातील ॲक्टिनोमायसीट नावाचे सूक्ष्म जीव जिऑस्मिन व मिथिल आयसोबॉर्निऑल ही दोन द्रव्ये तयार करतात. पहिल्या पावसानंतर तापलेल्या जमिनीतून जो सुगंध दरवळतो, त्यातही जिऑस्मिन असते. शेतात जो वास हवाहवासा वाटतो, तोच ताटात नकोसा होतो.

ही द्रव्ये पाण्यातून माशाच्या कल्ल्यांवाटे थेट रक्तात जातात व चरबीत साठून राहतात. अब्जांश प्रमाणातही माणसाच्या जिभेस व नाकास ती जाणवतात. म्हणून तळ्याच्या तळास प्लॅस्टिकचा कागद अंथरला म्हणजे वासाची भीती गेली, असे समजू नये. कागदामुळे मातीचा संबंध तुटतो, पण शेवाळाची वाढ थांबत नाही. खत व खाद्य प्रमाणाबाहेर पडले की उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाचा दाट हिरवा थर येतो आणि मासा वास धरतो.

येथे एक समाधानाची गोष्ट आहे. वास ज्या मार्गाने शरीरात आला, त्याच मार्गाने तो बाहेरही जातो. वास नसलेल्या स्वच्छ पाण्यात मासा काही दिवस ठेवला की ही द्रव्ये हळूहळू निघून जातात.

चव, काटे आणि सवय

सर्व समुद्री मासे चवदार व सर्व गोडे मासे बेचव, अशी सरळ विभागणी करता येत नाही. बोंबील समुद्रातलाच, पण त्याच्या मांसात पाण्याचे प्रमाण फार मोठे असते. गोड्या पाण्यातील मरळ जिवंत विकली जाते आणि तिच्या मांसात बारीक काटे फारसे नसल्यामुळे तिला चांगला भाव येतो. उजनी धरणातील चिलापी खाण्यासाठी पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण येथे लोक मुद्दाम थांबतात. हिलसा समुद्रातून नदीत चढून येतो, आणि बंगालमधील जाणकार समुद्रात पकडलेल्या हिलशापेक्षा नदीतला हिलसा अधिक पसंत करतात. रायगडच्या खारपट्ट्यात जिताड्याची पिले खाडीतून आणून तळ्यात वाढविण्याची पद्धत आहे. तळ्यात पोसलेला हा जिताडा पाहुण्यांच्या पानात मानाने वाढला जातो.

कटला, रोहू व मृगल यांना नाकारले जाते ते पुष्कळदा चवीमुळे नव्हे, तर काट्यांमुळे. त्यांच्या पाठीच्या व शेपटीकडील मांसात दुबेळक्याच्या आकाराचे बारीक काटे असतात. लहान माशात ते सापडत नाहीत व घशात अडकतात. मासा मोठा झाला म्हणजे काटे जाड होतात आणि सहज वेचून काढता येतात. यासाठी या जातींचे मासे एक किलोच्या वर गेल्याशिवाय विकण्याची घाई करू नये.

मत्स्यशेतकऱ्याने काय करावे?

डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पोषग्रंथींच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून मत्स्यबीजासाठी केवळ नदीवर विसंबून राहण्याची गरज उरली नाही. आज मासे वाढविणे अनेकांस साधले आहे. चव राखण्याकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) शेणखत व खाद्य बेताने द्यावे. पाणी गर्द हिरवे होऊ लागताच दोन्ही कमी करावीत.

२) विक्रीच्या तोंडावर औषध टाकून शेवाळ मारू नये. मरणाऱ्या शेवाळातून वासाची द्रव्ये पाण्यात सुटतात. शिवाय पाण्यातील प्राणवायू घटून मासे दगावण्याचा धोका असतो.

३) माशांची काढणी करण्यापूर्वी एक मासा काढून त्याचा तुकडा मीठ-मसाला न लावता झाकणाच्या भांड्यात वाफवावा. झाकण काढताच वास घ्यावा व मग चव पाहावी. अमेरिकेतील मार्जारमीन पाळणाऱ्यांकडून मासे विकत घेताना कारखान्यांत अशीच चाचणी करतात. वास आल्यास काढणी पुढे ढकलावी.

४) वास असलेले मासे विहिरीच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत खाद्य न देता ठेवावेत. पाणी वाहते किंवा वरचेवर बदलते असावे. सौम्य वास थोड्या दिवसांत जातो. मासे चरबीचे असल्यास किंवा हवा थंड असल्यास एक-दोन आठवडेही लागतात. त्याच तळ्यात हापा लावून मासे ठेवल्याने काहीही उपयोग होत नाही, कारण पाणी तेच राहते. उपाशी राहिल्याने माशांचे वजन थोडे घटते. ही घट व पाण्याचा खर्च वाढीव भावातून निघतो की नाही, याचा हिशेब आधी करावा. थेट गिऱ्हाइकास किंवा खाणावळीस माल देणाऱ्यास हा उपाय परवडण्याचा संभव अधिक असतो.

५) काढणी पहाटे थंड वेळी करावी. जाळ्यात मासे फार वेळ तडफडू देऊ नयेत. मासे बाहेर काढताच धुऊन तितक्याच वजनाच्या फोडलेल्या बर्फात थरावर थर घालून ठेवावेत.

स्वयंपाकातील उपाय

मातीचा वास आणि समुद्री माशाचा दर्प ही दोन निरनिराळी दुखणी असली, तरी घरच्या गृहिणीने त्यांवर शोधलेले औषध एकच आहे, ते म्हणजे आंबट. आम्लामुळे जिऑस्मिनचे रूपांतर होऊन त्याचा वास कमी होतो. ट्रायमिथिल अमाइन आम्लाशी संयोग पावून उडून जाण्याचे थांबते, त्यामुळे त्याचा दर्प नाकापर्यंत पोचत नाही. कोकणात आमसूल आणि इतरत्र चिंच किंवा लिंबू वापरतात, त्यामागे असे सबळ कारण आहे. रोहू-कटल्याचे तुकडे हळद, मीठ व चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावेत आणि धुऊन शिजवावेत. पाठीकडील मांसास आडव्या, जवळजवळ चिरा दिल्यास बारीक काटे तुटतात व तळताना कुरकुरीत होतात.

पोषणाच्या दृष्टीने पाहता प्रथिनांच्या बाबतीत रोहू पापलेटाहून फारसा कमी नाही. तारली व बांगड्यासारख्या तेलकट समुद्री माशांतील विशिष्ट स्निग्ध आम्ले मात्र त्याच्यात कमी असतात.

गोड्या पाण्यातील माशाची सौम्य चव हा त्याचा स्वभाव आहे, आणि सौम्य मांसात मसाला चांगला मुरतो. मातीचा वास हा त्याचा स्वभाव नव्हे. तो तळ्याच्या व्यवस्थेतील दोष आहे. स्वभाव बदलता येत नसला तरी दोष काढून टाकता येतो. ज्या तळ्यातील मासा वर्षानुवर्षे बिनवासाचा निघतो, त्या तळ्याचे नाव बाजारात आपोआप होते आणि पुढच्या काढणीला गिऱ्हाईक बांधावर येऊन उभे राहते.