केमिस्ट्रीची पर्सनल ट्यूशन घेणाऱ्यांनो, आधी अटी लिहून घ्या

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा लागला, प्रवेशाच्या फेऱ्याही संपल्या. माझी शेवटच्या महिन्यांची फी मात्र अजून आलेली नाही, आणि ती येणार नाही हे मला आता कळून चुकलं आहे. पैशांपेक्षा जास्त लागलं ते माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं बोलणं. ‘‘मॅडम, रिझल्टच आला नाही, तर फी कसली मागता?’’ त्यांच्या सोसायटीतून मला दरवर्षी एक-दोन मुलं मिळायची. तिथेही ते हेच सांगत सुटले. म्हणून हे लिहिते आहे. माझी बाजू एकदा नीट मांडली जावी आणि माझ्यासारखं घरोघरी जाऊन शिकवणाऱ्यांनी सावध व्हावं, एवढाच हेतू.

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. एका वेळी एकच विद्यार्थी. आधी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. हा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा गणपती होऊन गेले होते. कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या इंटिग्रेटेडला होता, तिथली फी आधीच भरून झालेली. त्याला क्लाससाठी लातूरला ठेवायला आईचा जीव धजेना, म्हणून घरीच पर्सनल लावायचं ठरलं. वडील म्हणाले, ‘‘बाकी सगळं क्लासमध्ये होतंय. केमिस्ट्री तेवढी उचलून द्या.’’

पहिल्याच आठवड्यात मी त्याची चाचणी घेतली, सगळे प्रश्न अकरावीचे. ९.८ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड म्हणजे किती मोल, हे त्याला सांगता येईना. पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीजचा ऑक्सिडेशन नंबर त्याने अंदाजाने सांगितला, तोही चुकला. मुलगा मठ्ठ अजिबात नव्हता. अकरावीचं वर्ष त्याच्याकडून कुणी करूनच घेतलं नव्हतं. बारावीची सोल्यूशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स ही सगळी प्रकरणं याच पायावर उभी आहेत. शिवाय सीईटीत अकरावीचा भार २० टक्के असतो. मी त्याच रात्री वडिलांना व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिलं: आधी मोल कन्सेप्ट, रेडॉक्स आणि केमिकल इक्विलिब्रियम पक्कं करावं लागेल, त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. उत्तरादाखल अंगठा आला. तो मेसेज माझ्याकडे आजही आहे.

पुढच्याच महिन्यात त्यांचा फोन. ‘‘क्लासमध्ये कोऑर्डिनेशन कंपाउंड्स चालू झालंय आणि तुम्ही अजून मोल घेऊन बसलात?’’ मी समजावलं. तेवढ्यापुरतं त्यांनी ऐकून घेतलं. मग तास रद्द व्हायला लागले. मी घरातून निघाले की मेसेज यायचा, ‘आज क्लासची टेस्ट आहे, येऊ नका.’ रद्द झालेल्या तासाची फी मी कधी मागितली नाही आणि त्यांनीही कधी विचारली नाही. क्लासचे हप्ते मात्र ठरल्या तारखेला जात होते. माझ्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ असं चाललं होतं. त्यांनी शब्द दिला होता आणि मी त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यात माझं काही चुकलं, असं मी मानत नाही. शब्द त्यांनी मोडला.

खरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती एका गृहपाठावरून. त्याची वही नेहमी पूर्ण असायची, उत्तरं बरोबर असायची, आणि समोर बसवलं की काहीच यायचं नाही. म्हणून मी एका गणितात आकडा बदलला. ॲसिटिक ॲसिडचा केए पुस्तकात १.८ गुणिले १० चा उणे पाचवा घात असा असतो. मी १.८ च्या जागी १.६ दिला. द्रावण ०.०१ मोलर, पीएच काढायचा. १.६ घेतलं तर उत्तर ३.४० येतं. त्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात प्रश्न १.६ चा होता आणि उत्तर होतं ३.३७. म्हणजे १.८ चं. मधल्या पायऱ्यांमध्येही १.८ च होता.

मी वही मिटली आणि म्हटलं, ‘‘हेच आता माझ्यासमोर कर.’’ त्याने थेट पीएच २ लिहिला. हे वीक ॲसिड आहे, ते पूर्ण आयनीभूत होत नाही, म्हणून ०.०१ चा सरळ लॉग घेऊन चालत नाही, एवढीच त्या प्रकरणाची किल्ली आहे. तीच त्याच्या हातात नव्हती. थोड्या वेळाने तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘मॅडम, ॲपवर फोटो टाकतो. ते जवळचं गणित शोधून देतं.’’ महिनोनमहिने तो हेच करत होता. क्लासच्या शीटसाठी तेच, माझ्या गृहपाठासाठीही तेच. आणखी एक कळलं. त्याला लॉग टेबल वापरताच येत नव्हतं. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, हे बारावीच्या मुलाला जानेवारीत कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं, आणि ती सांगणारी मी होते.

मी हे आईवडिलांसमोर मांडलं. मुलावर न ओरडता, पुढे काय करायचं याच्या यादीसह. वडिलांचं उत्तर होतं, ‘‘वही पूर्ण करतोय ना? मग प्रॉब्लेम तुमच्या शिकवण्यात आहे.’’ आई म्हणाल्या, ‘‘तो घाबरतो तुम्हाला.’’ आपल्या मुलाचं अडलंय कुठे, हे जो दाखवतो तोच माणूस दोषी! हा न्याय मला आजही पचलेला नाही. तरी मी परीक्षेपर्यंत गेले. कारण पोराचं वर्ष होतं.

आणि निकालाचं म्हणाल, तर सीईटीच्या स्कोअरकार्डवर तिन्ही विषयांचा पर्सेंटाइल वेगवेगळा दिलेला असतो. वडील सगळ्यांना फक्त एकूण आकडा सांगतात. मुलाने मात्र स्वतःहून मला पूर्ण कार्डाचा फोटो पाठवला. तिन्ही विषयांत सगळ्यात वर केमिस्ट्री आहे. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिला.

आता जे शिकवणी घेतात त्यांच्यासाठी.

पहिल्या तासाला शिकवू नका, चाचणी घ्या, आणि ती मागच्या इयत्तेची घ्या. निकाल पालकांना लेखी कळवा. कुठून सुरुवात करणार आणि कोणतं प्रकरण कधी संपवणार, हेही लिहा. नुसता अंगठा आला तर थांबा. ‘मान्य आहे’ असे शब्द येईपर्यंत दुसरा तास घेऊ नका.

फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. आदल्या दिवशी न कळवता रद्द केलेला तास घेतला असं धरलं जाईल, हे आधीच सांगा. ज्यांना हे जाचक वाटतं ते पुढे काय करणार, हे तिथेच कळतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या ५० पेक्षा जास्त मुलांना शिकवणाऱ्या केंद्रांसाठी आहेत. एकेका मुलाला शिकवणाऱ्याला त्यात कसलाच आधार नाही. आपलं संरक्षण आपल्यालाच करावं लागतं.

प्रत्येक गृहपाठात एक तरी आकडा बदला. मोलॅरिटी बदला, केए बदला, हाफ लाइफ बदला. ऑरगॅनिकमध्ये टर्शरी ब्यूटिल ब्रोमाइडऐवजी मिथाइल ब्रोमाइड द्या आणि एसएन १ की एसएन २ ते कारणासह विचारा. पुढच्या तासाची पहिली १० मिनिटं त्यातलंच एक गणित वही मिटून करून घ्या. नक्कल तिथे टिकत नाही.

सीईटीच्या नादात बोर्ड सोडू नका. सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, पर्याय समोर असतात. बोर्डाला ७० गुणांची लेखी परीक्षा, तिथे पायऱ्या लिहाव्या लागतात, समीकरण संतुलित करावं लागतं, एकक लिहावं लागतं. उरलेले ३० प्रात्यक्षिकाचे. लॉग टेबल पहिल्या महिन्यापासून हातात द्या.

कॉलेजच्या मुलांचा अभ्यासक्रम विद्यापीठागणिक वेगळा असतो. तो आणि जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. बाकी संयम ठेवा, नोंदी ठेवा, मुलाशी गोड बोला, हे तुम्हाला माहीतच आहे.

निकालाची हमी तोंडीही देऊ नका. जो पालक पहिल्याच भेटीत ‘किती पर्सेंटाइल आणून द्याल?’ असं विचारतो, त्याची शिकवणी घेऊ नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. बाकीच्या मुलांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, ते त्यातून कळतं. दुसऱ्यांच्या मुलांनी किती अभ्यास केला, याची हमी कोणता शिक्षक देणार?

पालकांनाही एक सांगते. पर्सनल ट्यूशन लावताना तुम्ही शिक्षकाचा वेळ विकत घेता, निकाल नाही. तुमचं मूल कुठे अडलंय ते तो सांगेल, तेव्हा ऐकून घ्या. ते ऐकायची तयारी नसेल, तर आमच्यासारख्यांना घरी बोलावू नका. आणि बोलावलंत, तर ठरलेली फी ठरल्या दिवशी द्या.